पितळेचा शीण

ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातल्या फौजेला एका विचित्र दुखण्याने छळले होते. पावसाळ्यात साठवलेली काडतुसे बाहेर काढावीत, तर त्यांच्या पितळी पुंगळ्यांना चिरा! ती कुणी झाडली नव्हती की आपटली नव्हती. तबेल्याजवळच्या साठ्यात हे हटकून घडे. 1921 साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तीन संशोधकांनी कोडे उलगडले. घोड्यांच्या मुतातून उठणारा अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी घडवतानाच पितळेच्या अंगात मुरलेला ताण, असे तीन गुन्हेगार निघाले. पहिले दोघे बाहेरचे, तिसरा घरभेदी.

धातूच्या अंगात काय मुरते, ते घरी बघता येते. वायरीतली जाडसर तांब्याची तार सोलून घ्या. मध्येच वाकवा आणि सरळ करायला जा. वाकलेली जागा हट्टाने तशीच राहते, तार शेजारीच वाकते. जिथे वाकवली, तिथे ती कडक झाली! असे करत राहिलात तर शेवटी कट्कन तुटेल. त्याआधी ती सांडशीत धरून गॅसवर लाल करा, पाण्यात बुडवा. तार पुन्हा मऊ! पोलाद लाल करून पाण्यात बुडवले तर कडक होते. तांबे आणि पितळ मात्र मऊच राहतात.

असे का? धातूचे अणू रांगा धरून बसलेले असतात, पण त्या रांगांत मधूनमधून चुका असतात. सतरंजीला पडलेली चुणी हाताने पुढे सारली की सतरंजी सरकते. तशा या चुका सरकतात, म्हणून धातू वाकतो. वाकवताना नव्या चुण्या जन्मतात, एकमेकींत अडकतात आणि वाट तुंबते. हाच कडकपणा. मऊ धातूच्या फाशाएवढ्या तुकड्यात, म्हणजे एका घन सेंटीमीटरात, या चुण्यांची एकूण लांबी फार तर हजारभर किलोमीटर असते. सडकून ठोकलेल्या धातूत ती 10 लाख किलोमीटरच्या घरात जाते. चंद्रावर जाऊन परत यायला याहून कमी अंतर पडते! उष्णता मिळाली की अणू हलतात, गुंत्याच्या जागी नवे, स्वच्छ स्फटिक उगवतात.

आता अमेरिकेतल्या हौशी नेमबाजांकडे वळू. तिथे झाडलेली पुंगळी पुन्हा भरून वापरण्याचा छंद जुना आहे. पुंगळी साधारण 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्ताच्या पितळेची. रायफलीत बार उडतो तेव्हा आतला दाब गाडीच्या टायरमधल्या हवेच्या दोनेक हजारपट होतो. पुंगळीची मान फुगून नळीला चिकटते, वायू मागे येऊ देत नाही आणि क्षणात आखडते. मग ती साच्यात दाबून मूळ मापावर आणतात. एकदा फुगली, एकदा दबली. आपल्या तारेचेच हाल! काही फेऱ्यांनंतर मान कडक होते, गोळीवरची पकड बदलते आणि अखेर चीर जाते. म्हणून मान काही सेकंद तापवून मऊ करतात.

किती वेळा? कुणी प्रत्येक बारानंतर तापवतो, म्हणजे सगळ्या पुंगळ्यांची पकड सारखी राहते. कुणी तीन-चार बारांनी. दोघेही बरोबर असू शकतात, कारण पितळ बार मोजत नाही, ताणाताण मोजते. बंदुकीत पुंगळी बसते ते घर सैल, साचा घट्ट, तर शीण लवकर. मात्र आच जास्त झाली तर स्फटिक बेसुमार वाढतात, मान लिबलिबीत होते आणि नुसते पुन्हा तापवून ते बारीक होत नाहीत. पुंगळीच्या बुडाला तर आच लागूच द्यायची नाही. सगळा दाब तेच पेलते. ते मऊ पडले तर वायू नेमबाजाच्या तोंडाशी फुटतो. मान मऊ, बूड कडक: बोटभर लांबीच्या एकाच वस्तूत हे दोन स्वभाव जपायचे असतात.

पुण्याच्या तांबट आळीत हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या आहे. पत्रा ठोकून कडक झाला की भट्टीत घालायचा, मऊ करून पुन्हा ठोकायचा. पण शेवटचे मठारकाम झाल्यावर भांडे भट्टीत जात नाही. ओळीने पडलेले ते गोल ठोके शोभेचे वाटतात, पण भांड्याला ताठपणा त्यांनीच येतो. घरात जुना तांब्याचा हंडा असेल तर त्यावरून एकदा बोट फिरवून बघा. तो कडकपणा तांबटाने मुद्दाम ठेवलेला आहे.