मुख्य प्रधानपदाचा वारसा : खेडपासून वडगावपर्यंत

पिंपरी-चिंचवडपासून चाकण आणि तळेगावपर्यंत पसरलेला औद्योगिक पट्टा आज मोटारींच्या आणि सुट्या भागांच्या कारखान्यांमुळे ओळखला जातो. मात्र राज्याचा मुख्य प्रधान कोणी नेमावा, त्याच्यामागून ते पद कोणाकडे जावे आणि वारसाचा वाद झाल्यास निवाडा कोणी करावा, या प्रश्नांचा मराठी इतिहासातील प्रवासही याच परिसरातून गेलेला आहे. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्या खेडजवळ भीमेच्या काठी १७०७ मध्ये झालेल्या लढाईने पुढील पेशव्यांच्या घराण्याचा उदय शक्य केला, आणि तळेगावला लागून असलेल्या वडगाव मावळ येथे १७७९ मध्ये त्याच घराण्यातील वारसाच्या वादात उतरलेल्या इंग्रज फौजेला तह करावा लागला. या दोन ठिकाणांमध्ये अंतर थोडे असले, तरी दोन घटनांमधल्या बहात्तर वर्षांत मुख्य प्रधानपदाचे स्वरूप मुळापासून बदलले होते.

नेमणुकीचे पद

पेशवा हे मराठी राज्यातील मुख्य प्रधानाचे पद होते. शिवाजी महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधान मंडळ, म्हणजे राज्यकारभाराची खाती सांभाळणाऱ्या आठ प्रधानांचे मंडळ, आपल्या पूर्ण स्वरूपात उभे राहिले आणि मोरोपंत त्रिंबक पिंगळे हे त्यातील मुख्य प्रधान होते. या व्यवस्थेचे मर्म असे की, प्रधानाची नेमणूक छत्रपती करीत, त्याला वतनाऐवजी रोख वेतन मिळे आणि पद वंशपरंपरेने चालावे असा नियम नव्हता. पुढे मोरोपंतांच्या मुलाकडे आणि नंतर बहिरोपंत पिंगळे यांच्याकडे हे पद गेले, त्यावरून घराण्याचा विचार त्या काळीही होत होता हे दिसते. तरीही नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार निर्विवादपणे राजाच्या हाती होता.

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर मोगलांच्या कैदेतून सुटून शाहू महाराज दक्षिणेत परतले, तेव्हा महाराणी ताराबाईंनी त्यांचा हक्क नाकारला आणि सेनापती धनाजी जाधव व परशुरामपंत प्रतिनिधी यांना त्यांच्यावर पाठवले. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडजवळ दोन्ही फौजा समोरासमोर आल्या असता धनाजी जाधव शाहू महाराजांना येऊन मिळाले आणि लढाईचा निकाल तिथेच लागला. धनाजींच्या पदरी असलेले बाळाजी विश्वनाथ भट हे मूळचे कोकणातील श्रीवर्धनचे, महसुली कामात मुरलेले कारभारी. या काळापासून शाहू महाराजांचा त्यांच्यावरचा विश्वास वाढत गेला. पुढे फौज उभारण्याच्या कामगिरीबद्दल त्यांना सेनाकर्ते ही पदवी मिळाली. कान्होजी आंग्रे यांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच कैद केल्यावर, नोव्हेंबर १७१३ मध्ये पुण्याजवळील मांजरी येथे बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रे देण्यात आली. वस्त्रे देणे म्हणजे पोशाख आणि पदाचा शिक्का देऊन छत्रपतींनी अधिकार सोपवणे, आणि या विधीशिवाय कोणीही पेशवा ठरत नसे. बाळाजींनी आंग्र्यांशी तह करून त्यांना शाहू महाराजांच्या बाजूला आणले, तसेच १७१९ मध्ये दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा मिळवून राज्याच्या उत्पन्नाला कायदेशीर आधार दिला. त्यांची निवड कर्तृत्वावर झालेली होती आणि त्या निवडीमागे घराण्याचा कोणताही हक्क नव्हता, ही गोष्ट पुढील इतिहास समजून घेताना महत्त्वाची ठरते.

निवडीकडून वारशाकडे

एप्रिल १७२० मध्ये बाळाजी विश्वनाथ सासवड येथे वारले, तेव्हा त्यांचे पुत्र बाजीराव वीस वर्षांचेही नव्हते. श्रीपतराव प्रतिनिधींसारख्या जुन्या मुत्सद्द्यांना ही नेमणूक पसंत नव्हती. तरीही शाहू महाराजांनी पंधरवड्याभरातच कराडजवळील मसूर येथे बाजीरावांना वस्त्रे दिली. बाजीरावांच्या निधनानंतर १७४० मध्ये नागपूरकर रघूजी भोसले यांनी बारामतीच्या बाबूजी नाईकांचे नाव पुढे केले, म्हणजे पेशवेपद भट घराण्याबाहेर जाण्याची शक्यता त्या वेळी खरोखर विचारात होती. परंतु शाहू महाराजांनी बाजीरावांचे पुत्र नानासाहेब यांचीच निवड केली. वरवर पाहता या दोन्ही प्रसंगी मुलगा बापाच्या जागी आला. मात्र दोन्ही वेळी हरकती मांडल्या गेल्या, दुसरी नावे चर्चेत आली आणि निर्णय घेणारा राजा स्वतःच्या इच्छेने निर्णय घेत होता. राजाच्या या स्वतंत्र निर्णयशक्तीवरच पदाची प्रतिष्ठा उभी होती.

पेशव्याला आवर घालू शकणाऱ्या इतर सत्ता मात्र याच काळात क्षीण होत गेल्या, आणि त्याचे सर्वांत ठळक उदाहरण तळेगाव दाभाडे येथील सेनापती घराण्याचे आहे. खंडेराव दाभाड्यांचे पुत्र सेनापती त्रिंबकराव यांचा गुजरातेतील हक्कांवरून बाजीरावांशी संघर्ष झाला आणि १७३१ मध्ये डभईच्या लढाईत ते मारले गेले. सेनापतिपद दाभाड्यांकडेच राहिले, परंतु मुख्य प्रधानाला बरोबरीने विचारणा करू शकणारे त्या पदाचे सामर्थ्य पुन्हा उभे राहिले नाही.

खरा पालट शाहू महाराजांच्या निधनाने, म्हणजे डिसेंबर १७४९ नंतर झाला. अखेरच्या दिवसांत त्यांनी राज्याचा कारभार पेशव्यांनी चालवावा अशी लेखी आज्ञा दिली होती, आणि १७५० मध्ये सांगोला येथे नवे छत्रपती रामराजे यांच्याकडून कारभाराची मुखत्यारी, म्हणजे राजाच्या वतीने निर्णय घेण्याचा पूर्ण अधिकार, नानासाहेबांकडे आला. ताराबाईंनी रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यात कैद करून आणि उमाबाई दाभाडे व दमाजी गायकवाड यांची मदत घेऊन या बदलाला विरोध केला. तो प्रयत्न फसला आणि दाभाडे व गायकवाड पेशव्यांच्या कैदेत पडले. यानंतर सत्तेचे केंद्र साताऱ्याहून पुण्याला आले, छत्रपतींकडे वस्त्रे देण्याचा विधी उरला आणि वस्त्रे कोणाला द्यावीत हे पुण्याच्या वाड्यात ठरू लागले. नेमणारा आणि नेमला जाणारा यांच्यातील अंतर असे पुसले गेले.

वाड्यातला वारसा

पानिपतानंतर १७६१ मध्ये नानासाहेबांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांचे थोरले पुत्र विश्वासराव पानिपतावर पडलेले होते, त्यामुळे सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले आणि चुलते रघुनाथराव कारभार पाहू लागले. चुलत्या-पुतण्यातील मतभेद पुढल्याच वर्षी आळेगावच्या लढाईपर्यंत गेले. माधवरावांनी विलक्षण निग्रहाने राज्य सावरले, परंतु पदासाठी घराण्यातीलच दोघे लढू लागल्यावर निवाडा करणारी वरिष्ठ सत्ता उरलेली नाही, हे याच वेळी उघड झाले. माधवराव १७७२ मध्ये थेऊर येथे क्षयाने वारले, धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी, म्हणजे पगारी पहारेकऱ्यांनी, त्यांचा खून केला. ज्यांच्यावर या खुनाचा आरोप होता त्या रघुनाथरावांनाच त्यानंतर पेशवाईची वस्त्रे मिळाली, यावरून तो विधी किती निर्जीव झाला होता हे कळते.

न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांना दोषी ठरवले, आणि नाना फडणीस, सखारामबापू बोकील आदी कारभाऱ्यांनी बारभाईंचे मंडळ उभे केले. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई यांना एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरावर मुलगा झाला आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या बालकाला, म्हणजे सवाई माधवरावांना, पेशवाईची वस्त्रे देण्यात आली. खुनाच्या आरोपीला पदापासून दूर ठेवण्याचा बारभाईंचा हेतू न्याय्य होता; परंतु न्यायासाठी झगडणाऱ्यांनाही तान्ह्या मुलाच्या वारसाहक्काचाच आधार घ्यावा लागला, ही त्या व्यवस्थेची मोठी शोकांतिका होय.

वडगावचा तह

पदावरून दूर झालेल्या रघुनाथरावांनी १७७५ मध्ये सुरत येथे मुंबईच्या इंग्रजांशी तह केला आणि साष्टी, वसई यांसारखे प्रदेश देण्याच्या मोबदल्यात फौजेची मदत मागितली. कोणत्याही राज्याच्या अंतर्गत वारसाच्या वादात परक्या सत्तेला वाव मिळतो तो असाच. नोव्हेंबर १७७८ मध्ये मुंबईहून निघालेली इंग्रज फौज बोरघाट चढून मावळात उतरली. महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर यांच्या मराठी फौजांनी तिची रसद तोडली. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ला येथे कॅप्टन स्ट्यूअर्ट हा इंग्रज अधिकारी ठार झाला. इंग्रज तळेगावला पोचले तेव्हा मराठ्यांनी ते गाव आधीच जाळून ओस केले होते आणि धान्य-चारा कुठेच मिळत नव्हता. पुणे इतके जवळ असूनही फौजेने ११ जानेवारीच्या रात्री अवजड तोफा तळ्यात टाकून माघार घेतली, पण वडगावला ती पुरती वेढली गेली. वडगावच्या तहाने इंग्रजांनी १७७३ पासून जिंकलेला प्रदेश परत देण्याचे आणि रघुनाथरावांची बाजू सोडण्याचे मान्य केले.

कलकत्त्याचे गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज यांनी हा तह फेटाळला आणि युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चालले, परंतु रघुनाथराव पुन्हा पेशवे झाले नाहीत. मावळातल्या या विजयाने एक वारसाचा वाद मिटला; वाद पुन्हा उद्भवू नये अशी व्यवस्था मात्र त्यानंतरही निर्माण झाली नाही. सवाई माधवरावांचा १७९५ मध्ये निपुत्रिक मृत्यू होताच चिमाजी आप्पा की दुसरे बाजीराव, या प्रश्नावर सरदार आणि कारभारी वर्षभर डावपेच करीत राहिले. अखेर पद मिळालेल्या दुसऱ्या बाजीरावांनी यशवंतराव होळकरांकडून पराभव झाल्यावर ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह करून पद राखण्यासाठी इंग्रजांचे संरक्षण पत्करले. १८१८ च्या जूनमध्ये ते शरण गेले आणि पेशवेपदाचाच अंत झाला.

प्रजासत्ताकाने शोधलेले उत्तर

हाच प्रश्न आजची प्रजासत्ताके कसा सोडवतात, हे समजण्यासाठी पूर्व आशियातील दक्षिण कोरियाकडे पाहता येते, ज्या देशाची ह्युंदाई कंपनी आता तळेगावच्या कारखान्यातून मोटारी तयार करते. तेथे राष्ट्राध्यक्ष जनतेतून निवडला जातो, तो पंतप्रधानाची नेमणूक करतो, पण त्या नेमणुकीला राष्ट्रीय सभेची, म्हणजे संसदेची, संमती लागते. आणि राष्ट्राध्यक्षाचे पद रिकामे झाल्यास किंवा त्याचे अधिकार थांबल्यास पंतप्रधानाने व त्याच्यानंतर ठरलेल्या क्रमाने मंत्र्यांनी काम पाहावे असे राज्यघटनेतच लिहिलेले आहे. त्या देशाचा मार्गही सुरळीत नव्हता : १९६० मध्ये संसदेला जबाबदार असलेले चांग म्यॉन यांचे सरकार आले आणि १९६१ च्या लष्करी उठावाने ते उलथले, १९७९ मध्ये राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांची हत्या झाल्यावर पंतप्रधान चोई क्यू-हा राष्ट्राध्यक्ष झाले, तेही वर्षभराच्या आत लष्कराच्या दबावाखाली पायउतार झाले.

१९८७ च्या घटनादुरुस्तीनंतर रुजलेल्या लोकशाहीची कसोटी डिसेंबर २०२४ मध्ये लागली. राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांनी लष्करी कायदा पुकारल्यावर संसदेने त्यांच्यावर महाभियोग आणला आणि पंतप्रधान हान डक-सू काळजीवाहू प्रमुख झाले. पुढे त्यांच्यावरही महाभियोग येऊन अर्थमंत्री चोई सांग-मोक यांच्याकडे काम गेले, मार्च २०२५ मध्ये घटना न्यायालयाने हान यांना पूर्ववत केले, त्यांनी मे महिन्यात राजीनामा दिला आणि मग शिक्षणमंत्री ली ज्यु-हो यांनी सूत्रे सांभाळली. जूनमधील निवडणुकीत ली जे-म्युंग राष्ट्राध्यक्ष झाले आणि जुलैमध्ये संसदेच्या संमतीने किम मिन-सोक पंतप्रधान झाले. सहा महिन्यांत सूत्रे इतक्या हातांतून गेली, तरी त्यासाठी कुठे फौज उभी राहिली नाही आणि कोणी परक्या देशाकडे मदत मागितली नाही, कारण प्रत्येक पायरीवर निवाडा करणारी संसद किंवा न्यायालय जागे होते.

पेशवाईच्या इतिहासाचा निष्कर्ष या तुलनेतून स्पष्ट होतो. भट घराण्यात कर्तृत्वाची वाण नव्हती. बाळाजी विश्वनाथ, पहिले बाजीराव आणि माधवराव यांच्यासारखे पुरुष कोणत्याही राज्याला भूषण ठरले असते. पदावर कर्ता माणूस येतो की नाही हे दैवावर सोपवले गेले, आणि नालायक माणसाला शांततेने दूर करण्याचा मार्गच नाहीसा झाला, हे त्या व्यवस्थेच्या नाशाचे कारण होय. भारतीय राज्यघटनेने मंत्रिमंडळाला लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार धरून हा मार्ग खुला ठेवला आहे, आणि तो खुला ठेवण्याची जबाबदारी अखेर नागरिकांवर आहे. म्हणून या औद्योगिक पट्ट्यातील शाळा आणि महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांना खेड, तळेगाव आणि वडगाव ही ठिकाणे लढायांच्या तारखांसाठी दाखवावीतच; त्याचबरोबर सत्ता कोणी सोपवावी आणि ती परत कोणी घ्यावी, या प्रश्नाचा धडा म्हणूनही ती समजावून द्यावीत.