ओट्यावरची भट्टी : लहान ओव्हनची निवड

गोव्यातील बेबिंक एकेका थराने भाजतात. प्रत्येक थराला उष्णता वरून द्यावी लागते, म्हणून जुन्या पद्धतीत झाकणावर निखारे ठेवत. आपल्याकडे अनेक घरांत कढईत वाळू तापवून तिच्यावर केकचे भांडे ठेवतात. मैदा, तूप आणि साखर घेऊन बेकरीत जायचे व नानकटाई भाजून आणायची, हा सुट्टीतला कार्यक्रमही अनेकांना आठवत असेल. या सर्वांत युक्ती एकच आहे : पदार्थाला पाण्यावाचून, कोरडी उष्णता देणे. बाजारात ‘ओटीजी’ या नावाने मिळणारा लहान ओव्हन हेच काम वर आणि खाली बसवलेल्या रॉडच्या साहाय्याने करतो.

असा ओव्हन घ्यायला गेलो की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, “किती लिटरचा दाखवू?” स्वयंपाकघर लहान असेल, तर हा प्रश्न सर्वांत शेवटी यावा असे आम्हाला वाटते. त्याआधी तीन गोष्टी मोजायला हव्यात : विजेचा सॉकेट, ओट्यावरची जागा आणि आपले भांडे.

पहिले मोजमाप : सॉकेट

आमच्यापैकी एकाच्या घरी सवलतीत मिळाला म्हणून १६०० वॅटचा मोठा ओव्हन आला. ओट्याजवळ मोठ्या पिनांचा सॉकेट नव्हता. मग जोडणीचा प्लग आणून तो मिक्सरच्या लहान सॉकेटवर चालवला. तिसऱ्या-चौथ्या वेळी जळका वास आला. पाहिले तर प्लगचे प्लॅस्टिक मऊ होऊन काळे पडले होते. वेळीच लक्षात आले म्हणून निभावले.

असे का झाले, हे दहावीचा विद्यार्थीही सांगू शकेल. आपल्या घरात विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. १६०० ला २३० ने भागले की जवळजवळ ७ अँपिअर धारा येते, आणि लहान सॉकेट ६ अँपिअरसाठी बनवलेला असतो. त्यातच सॉकेटमधली पकड सैल असेल, तर त्या जागी थोडा रोध निर्माण होतो. तो अर्धा ओहम धरू. उष्णतेचा दर म्हणजे धारेचा वर्ग गुणिले रोध. म्हणून ७ × ७ × ०.५, म्हणजे सुमारे २५ वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाग देण्याची लहान इस्त्री साधारण एवढ्याच शक्तीची असते! तीच जणू प्लगच्या पोटात तापत ठेवली होती. ओव्हन ८०० वॅटचा असता तर धारा निम्मी, म्हणजे ३.५ अँपिअर झाली असती आणि त्याच सैल जागी फक्त ६ वॅट उष्णता निघाली असती. धारा निम्मी झाली की उष्णता पावपट होते.

म्हणून ओव्हनच्या पाठीवरचा वॅटचा आकडा आधी वाचावा. साधारण १२०० वॅटच्या वर १६ अँपिअरचा सॉकेट आणि त्याला साजेशी जाड तार हवीच. ओव्हन एक्स्टेन्शन बोर्डवर चालवू नये. अर्थिंग तपासून घ्यावे. तीन पिनांपैकी अर्थिंगची पिन मुद्दाम लांब असते. ती सर्वांत आधी जोडली जाते आणि सर्वांत शेवटी सुटते. धातूच्या पेटीला हात लागणार असल्याने ही पिन कापणे किंवा मोकळी सोडणे धोक्याचे आहे.

दुसरे मोजमाप : जागा

ओव्हनची पेटी बाहेरूनही चांगलीच तापते. तिच्या बाजूंना व मागे किमान १० सें.मी. आणि वर त्याहून अधिक मोकळी जागा लागते. माहितीपत्रकात जास्त अंतर दिले असेल तर तेच पाळावे. वर लाकडी कपाट, शेजारी प्लॅस्टिकचे डबे, मागे पडदा असे काही नको. दार पुढे उघडते, म्हणून समोरही जागा हवी. एक सोपा उपाय करता येतो. ओव्हनच्या बाहेरच्या मापाचे पुठ्ठ्याचे खोके करून दोन दिवस ओट्यावर ठेवावे. पोळ्या लाटताना ते अडते का, हे मग आपोआप कळते.

तिसरे मोजमाप : भांडे

लहान ओव्हनमध्ये केक वरून करपतो आणि आत कच्चा राहतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तिचे कारण उंचीत आहे. तापलेल्या रॉडपासून उष्णता मुख्यतः प्रारणाने येते, आणि अंतर कमी झाले की ती झपाट्याने वाढते. पृष्ठभाग १४० अंश सेल्सिअसच्या पुढे गेला की तेथील साखर व प्रथिने यांच्यातील क्रिया वेगाने होऊन तांबूस रंग येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ मध्ये या क्रियेचे वर्णन केले. आतल्या ओल्या भागात मात्र पाणी असेपर्यंत तापमान १०० अंशांच्या फारसे पुढे जात नाही. वरचा रॉड फार जवळ असेल तर आतला भाग शिजण्याआधीच वरचा भाग काळा पडतो. म्हणून दुकानात जाताना मोजपट्टी आणि आपले भांडे बरोबर न्यावे. भांड्याच्या चारही बाजूंनी दोन-तीन सें.मी. हवा खेळावी आणि फुगलेल्या केकच्या वरही चार-पाच सें.मी. अंतर उरावे.

आता लिटर

बाजारात १० लिटरचा ओव्हन साधारण ८०० वॅटचा, तर २० लिटरचा १३०० वॅटच्या आसपास असतो. आकारमान दुप्पट असूनही शक्ती दुप्पट का नाही? एकदा ओव्हन तापला की रॉडची बरीचशी उष्णता भिंतींमधून होणारी गळती भरून काढते. ही गळती क्षेत्रफळावर अवलंबून असते. घनाकृती पेटीचे आकारमान दुप्पट केले तर तिचे क्षेत्रफळ सुमारे १.६ पटच होते, आणि १३०० भागिले ८०० हेही सुमारे १.६ येते. यावरून दिसते की लहान ओव्हन लवकर तापतो, त्याला एकूण वीज कमी लागते, पण दर लिटरमागे तो जास्त वीज खातो. चार पाव भाजायचे असतील किंवा वाटीभर शेंगदाणे खमंग करायचे असतील तर लहानच बरा. महिन्यातून एकदा मोठा केक करण्यासाठी रोज मोठी पेटी तापवण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट. संध्याकाळी दाब २०० व्होल्टपर्यंत उतरला, तर शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते आणि ८०० वॅटचा ओव्हन सुमारे ६०० वॅटच देतो. पाककृतीत दिलेली वेळ तेव्हा पुरत नाही. चूक रांधणाऱ्याची नसते.

वर्गासाठी

नवा ओव्हन आल्यावर जाळीवर पावाच्या चकत्या शेजारी शेजारी मांडून चार-पाच मिनिटे भाजाव्यात. कोठे गडद, कोठे फिका रंग आला, यावरून ओव्हनमधील उष्णतेचा नकाशाच हाती येतो. त्या चकत्या तशाच वर्गात न्याव्यात. वहन, अभिसरण आणि प्रारण हे तिन्ही शब्द फळ्यावर लिहून, कोणत्या डागाला कोण जबाबदार, हे मुलांना ठरवू द्यावे. घरी गेल्यावर आपल्या स्वयंपाकघरातील प्रत्येक उपकरणाचे वॅट आणि ते ज्या सॉकेटवर चालते त्याचे अँपिअर त्यांनी लिहून आणावेत. एखाद्या घरातील सैल, तापणारा प्लग या यादीमुळे वेळीच सापडला, तर तो धडा शिकवल्याचे सार्थक होईल.