जनुकशास्त्रातील संशोधनाची घडण

जनुकशास्त्रात एम.एस्सी.पर्यंत विद्यार्थी आधीच सापडलेली उत्तरे शिकतो, पीएच.डी.ला मात्र मार्गदर्शकालाही उत्तर ठाऊक नाही असा एखादा प्रश्न घेऊन त्याला पाच-सहा वर्षे त्याच्याच पाठीस लागावे लागते, आणि हा बदल पचवणे हाच या शिक्षणातील सर्वांत अवघड भाग होय.

भारतात या घडणीची एक समृद्ध परंपरा मुंबईत रुजली. ग्लासगो येथे ग्विदो पॉन्तेकोर्वो यांच्या हाताखाली तयार झालेल्या ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला, आणि तेथेच त्यांच्या विद्यार्थिनी व्हेरॉनिका रॉड्रिग्ज यांनी वास व चव ओळखण्यात दोष असलेल्या फळमाश्यांवर पायाभूत काम केले. एखाद्या जनुकात बदल झाला, म्हणजेच उत्परिवर्तन घडले, की कोणती क्षमता हरपते हे पाहून त्या जनुकाचे कार्य ओळखायचे, ही या शास्त्राची मूळ रीत.

पिकल्या केळ्यांवर घोंगावणारी ही चिलटे, म्हणजेच फळमाश्या, २५ अंश सेल्सिअस तापमानाला सुमारे दहा दिवसांत पिढी पूर्ण करतात, म्हणून ती प्रयोगाला सोयीची. पण त्यांचा संकर घडवताना मादी कोषातून बाहेर पडल्यावर साधारण आठ तासांच्या आत वेगळी काढावी लागते, कारण एकदा समागम झालेली मादी शुक्राणू साठवून ठेवते आणि मग संततीचा पिता कोण हे सांगता येत नाही. त्यामुळे कार्बन डायऑक्साइडने बेशुद्ध केलेल्या माश्या सूक्ष्मदर्शकाखाली बारीक कुंचल्याने निवडत बसणे, फिकट पोटातील काळसर ठिपक्यावरून नुकती जन्मलेली मादी ओळखणे, हे काम सकाळ-संध्याकाळ, सुटीच्या दिवशीही करावे लागते. पुराव्याविषयीचा काटेकोरपणा अंगी मुरतो तो याच कामातून. जनुक संपादनाची अद्ययावत तंत्रे काही महिन्यांत शिकता येतात. आपला निष्कर्ष चुकीचा ठरवू शकेल असा प्रयोग आधी आखण्याची सवय लागायला वर्षे जातात, आणि खरे मोल तिचेच आहे.

पीएच.डी.च्या प्रवेशासाठी सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय परीक्षा असून कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. पुण्याची आयसर, हैदराबादची सीसीएमबी, बंगळुरूची एनसीबीएस या संस्थांची नावे विद्यार्थ्यांच्या तोंडी असतात. तरीही संस्थेच्या नावापेक्षा प्रश्नाची आणि मार्गदर्शकाची निवड अधिक निर्णायक ठरते. म्हणून पदवीला असतानाच विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन पाठ्यवृत्तीसाठी अर्ज करावा, आणि पीएच.डी.साठी प्रयोगशाळा निवडण्यापूर्वी मार्गदर्शकाचे अलीकडचे शोधनिबंध वाचून तेथे काम करणाऱ्या विद्यार्थ्यांशी मोकळेपणाने बोलावे.