एकाची शिक्षा अख्ख्या लॅबला का?

मागच्या सेमला आमच्या लॅबमधल्या एका हिरोने आयआरसीच्या एका चॅनेलवर मेसेजेसचा पाऊस पाडला. चॅनेलवाल्यांनी काय करावं? आमच्या लिनक्स सर्व्हरचा पत्ताच बॅन! आम्ही सगळे त्याच सर्व्हरवर लॉगिन करून चॅट करतो. माझ्या मिनी प्रोजेक्टचा ड्रायव्हर कम्पाईल होत नव्हता, मदत करणारी मंडळी त्याच चॅनेलवर, आणि मी दाराबाहेर! 'सुक्याबरोबर ओलंही जळतं' ही म्हण कॉन्व्हेंटमध्ये नुसती पाठ केली होती, अर्थ आत्ता कळला.

आयआरसी १९८८ साली फिनलंडमध्ये यार्क्को ओइकारिनेन यांनी बनवलं. तेव्हाही एका मशीनवर अनेकजण बसायचे, पण बाहेरून पत्ता एकच दिसायचा. मग नक्की कोण बोलतंय? ह्यावर उपाय म्हणजे आयडेंट. त्याचा आरएफसी १४१३ हा १९९३ चा.

आपण कनेक्ट झालो की आयआरसी सर्व्हर उलट आपल्या मशीनच्या ११३ नंबरच्या पोर्टवर येऊन विचारतो, "तुमच्या ४०३१२ पोर्टवरून माझ्या ६६६७ वर कोण आलंय?" आयडेंट सर्व्हिस युजरचं नाव सांगते. उत्तर नाही मिळालं तर नावाआधी ~ लागतं. म्हणजे, 'हे त्याने स्वतःच सांगितलेलं नाव, खात्री नाही.'

मग लॅबच्या सरांच्या मागे लागून आम्ही तीन गोष्टी केल्या:

१. ओआयडेंटडी हे पॅकेज इन्स्टॉल करून सर्व्हिस चालू केली.

२. फायरवॉलमध्ये टीसीपी ११३ उघडला. तो नुसता 'ड्रॉप' केला तर समोरचा सर्व्हर उत्तराची वाट बघत बसतो आणि कनेक्ट व्हायला उशीर होतो. उघडायचाच नसेल तर 'रिजेक्ट' ठेवा.

३. कॉन्फिग फाईलमध्ये 'स्पूफ'ची परवानगी नाकारलेलीच ठेवली. नाहीतर तो हिरो माझं नाव लावून धिंगाणा घालेल!

नंतर परत कनेक्ट करून दुसऱ्या एका चॅनेलवर 'हूइज' मारलं. ~ गायब!

एक लक्षात ठेवा, आयडेंट म्हणजे पासवर्ड नव्हे. ज्याच्या हातात मशीनचं रूट, तो हवं ते उत्तर देऊ शकतो. स्वतःच्या लॅपटॉपवर त्याला फारसा अर्थ नाही. पण सामायिक सर्व्हरवर आहे.

चॅनेलवाल्यांना हे सगळं कळवलं. त्यांनी पत्त्यावरचा बॅन काढून त्या एका नावावर लावला. ड्रायव्हर त्याच रात्री कम्पाईल झाला. हिरो अजून बाहेरच आहे!