पोराचं पोट दुखतंय: आधी सोनोग्राफी की थेट सीटी स्कॅन?

डॉक्टरांनी अपेंडिक्सची शंका बोलून दाखवली की घरचे घाबरून म्हणतात, "साहेब, मोठा स्कॅन काढा, पैशाचं बघू." मग दागिना गहाण पडतो, नाहीतर व्याजाने पैसे येतात. म्हणून तपासणीचा क्रम आधीच समजून घ्या.

हे दुखणं बहुधा बेंबीपाशी सुरू होतं आणि काही तासांत उजव्या बाजूला खाली सरकतं. भूक मरते, उलटी होते, बारीक ताप येतो. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला मात्र कुठे दुखतं ते नीट सांगता येत नाही, त्यामुळे निदान होईपर्यंत अपेंडिक्स फुटण्याचा धोका त्यांच्यात जास्त.

डॉक्टर हाताने पोट तपासतात, रक्त-लघवी बघतात. तरी शंका राहिली तर मुलांसाठी पहिली तपासणी सोनोग्राफी. तिच्यात ध्वनिलहरी असतात, किरणं नसतात. पोट हळूहळू दाबत अपेंडिक्स बघण्याची रीत नेदरलँड्सच्या एका डॉक्टरांनी १९८६ साली मांडली, तीच आजही वापरतात. दाबूनही न चपटणारं, ६ मिलिमीटरपेक्षा जाड अपेंडिक्स दिसलं तर सूज असल्याचं धरतात.

पण आतड्यातला वायू आड आला तर अपेंडिक्स दिसतच नाही. रिपोर्टात 'अपेंडिक्स दिसले नाही' असं लिहिलं म्हणजे ते चांगलं आहे असा अर्थ होत नाही. अशा वेळी मुलाला दाखल करून काही तासांनी पुन्हा तपासतात, सोनोग्राफीही पुन्हा करतात. कुणाला ही टाळाटाळ वाटते. ती टाळाटाळ नाही.

सीटी स्कॅन जास्त नेमका, पण त्यात छातीच्या एक्स-रेपेक्षा कितीतरी पट किरणं. वाढत्या शरीरात त्यामुळे पुढे कर्करोगाची शक्यता थोडी वाढते. थोडीच, म्हणून निदान अडलं असेल आणि डॉक्टर सीटी सांगत असतील तर नकार देऊ नका. सोनोग्राफीत काय दिसलं, मुलाच्या वजनाप्रमाणे किरणं कमी ठेवणार ना, एवढं जरूर विचारा. एमआरआयमध्ये किरणं नाहीत, पण तो महाग, आणि लेकराला बराच वेळ न हलता पडून राहावं लागतं.

घरी पोट चोळू नका, बेंबी सरकली म्हणून ओढू नका, एरंडेल पाजू नका. दुखणं अचानक थांबलं आणि मग ताप चढला, पोट फुगलं, तर अपेंडिक्स फुटलेलं असू शकतं. रात्र असली तरी निघा. रेशनकार्ड, आधार कार्ड बरोबर घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. पैसे भरण्याआधी त्याला गाठा.