खाड्याचा दिवस

सकाळी 6:30. उरुळी कांचन. सोलापूर रस्त्याला नर्सऱ्यांची रांग आहे, त्यातल्या एकीत काकू रोजावर कलमं लावतात. रविवार असला तरी नर्सरी चालू असते. आज काकूंचा खाडा, मी मदतीला. ऊन चढायच्या आत परसातल्या जास्वंदीच्या काड्या काढायच्यात. वीतभर लांबी, तिरका काप, डोळ्याच्या लगेच खाली. वरची दोनच पानं ठेवायची, तीही अर्धी छाटून. काडीला अजून मुळं नाहीत, पण पानं पाणी सोडतच राहतात. मुळं धरेपर्यंत तीन-चार आठवडे पानं ओली राहायला हवीत. हातपंपाने फवारत बसायचं तर रोज बुडतो. रोज 350 आहे. म्हणून आपोआप फवारणारा सेट घरीच बसवायचा.

काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत.

सकाळी 9:15. काकूंचा मुलगा आयटीआयला, इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला. तो पिशवी रिकामी करतो. पाणी शुद्ध करायच्या मशिनमधला 24 व्होल्टचा पंप, 1350. अ‍ॅडॅप्टर 380. टायमर 450. पितळी नोझल सहा, 60 ला एक. पाव इंची पाईप दहा मीटर, 150. जोड सहा, 120. गाळणी 150. बांबूच्या कामट्या आणि प्लॅस्टिक घरचंच, त्याचा हिशोब नाही.

सकाळी 11. पाईप ब्लेडने कापायचा, तोही अगदी सरळ. काप जरा तिरका गेला की जोड गळतो. फुटाफुटावर एक नोझल. नोझलचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक, आणि बोअरचं पाणी क्षाराचं. म्हणून ड्रममध्ये नळाचं पाणी. अ‍ॅडॅप्टर मात्र घराच्या भिंतीवर उंच, तुषारांपासून लांब.

दुपारी 12:40. पंप घरघरतो. तिसरा जोड फटकन सुटतो, काकूंचा पदर चिंब. "दाबून बसव की रे!" दुसऱ्यांदा सहाही नोझल धुरासारखं पाणी सोडतात. पंप थांबल्यावर दोन ठिबकत राहतात. त्यांच्याखालचा ट्रे काकू सरकवून ठेवतात. तिथली काडी हमखास कुजते.

दुपारी 3. इथे काम खरं पळतं. कोकोपीट मुठीत पिळून बघायचं. पाणी गळता कामा नये. काडीचं टोक मुळं फुटायच्या पावडरीत, एक टिचकी, जादा पावडर खाली. बोटाने भोक, काडी आत, दोन बोटांनी दाब. 50 कप्प्यांचे सहा ट्रे. काकू बोलत बोलत लावतात, हाताकडे बघतही नाहीत. मी लावलेल्या काड्या त्या न बोलता उपटून पुन्हा लावतात.

संध्याकाळी 5. मुलाने टायमर 30 सेकंदांवर ठेवला. "कुजवतोस का?" काकू पानावर बोट फिरवतात. पानावरचा ओलावा उडाला की पुढचा फवारा, त्याआधी नाही. शेवटी 5 सेकंद चालू, 10 मिनिटं बंद. अंधार पडल्यावर पूर्ण बंद. दिवसभरात पाच लिटरही पाणी लागायचं नाही. दुपारी लाईट गेली तर? प्लॅस्टिक खाली सोडून ठेवायचं, वर शेडनेट आहेच.

संध्याकाळी 7:30. वहीत बेरीज, 2960. काकू खाली आणखी एक आकडा लिहायला लावतात: खाडा, 350. एकूण 3310. मुळं धरलेलं रोप व्यापारी 8 रुपयांना उचलतो. मुलगा मोबाईलवर भागाकार करतो. "चारशे चौदा रोपं, आई."

"ट्रे सहाच हायेत," काकू म्हणतात, आणि उद्याच्या डब्यासाठी गवार निवडायला घेतात.