राणीचं गुरगुरणं

‘‘अगं, राणी त्या पिल्लाला एक दिवस फाडून खाईल. सारखी गुरगुरते,’’ मावशी फोनवर म्हणाली, म्हणून रविवारी घाटकोपरला गेले. पंतनगरात तळमजल्यावर दोन खोल्या. नऊ वर्षांची राणी, चार वर्षांचा मोत्या, दोन्ही गावठी. त्यात महिन्यापूर्वी मावसभावाने हौसेने पिल्लू विकत आणलं.

दारातच त्याने माझा अंगठा धरला. दुधाचे दात सुईसारखे, तोंडाला दहीभाताचा वास. आणलं तेव्हा जेमतेम पाच आठवड्यांचं होतं. ‘‘डॉक्टर म्हणाले, अजून तीन आठवडे आईपाशी हवं होतं,’’ मावशी म्हणाली.

या तीन आठवड्यांत भावंडं एकमेकांना चावून घेतात. जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ मोडतं. आपल्या जबड्यात किती जोर आहे, हे पिल्लाला तिथे कळतं. या पिल्लाचा तो धडाच हुकला होता.

मोत्या भोळा, कान ओढू देत होता. राणी मोरीजवळ पोत्यावर पडलेली. पिल्लाने तिचं शेपूट धरलं. तिने तोंड फिरवलं. मग ओठ वर घेतला. मग गुरगुरली. ते सोडेना, तेव्हा तिने त्याचं अख्खं थोबाड तोंडात धरलं. काय किंकाळी फोडली त्याने! मावशी चप्पल घेऊन उठली, मी तिचा हात धरला. पिल्लाला उचलून पाहिलं तर नाकावर ओरखडासुद्धा नाही, नुसती लाळ.

थोड्या वेळाने ते परत गेलं, पण हातभर अंतरावर थांबलं. पुढचे पाय जमिनीला टेकले, ढुंगण वर, शेपटी हलती. कुत्र्यांच्या भाषेत ‘खेळायचं का?’. राणी कुशीवर वळली आणि पडल्या पडल्या पंजाने त्याला ढकलू लागली. एवढी मोठी कुत्री त्याच्या उंचीला आली! या वेळी ते चावलं ते हलकं. तासाभरात ती आणखी तीनदा गुरगुरली. शेवटी नुसता ओठ उचलणं पुरलं.

आईकडचे हुकलेले तीन आठवडे राणी भरून काढत होती, आणि आम्ही तिलाच मारायला निघालो होतो. गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला मारू नये. इशारा बंद होतो, चावा तेवढा उरतो. मात्र म्हातारं कुत्रं अंग ताठ करून टक लावून बघत असेल, किंवा पिल्लू कोपरा धरून बसत असेल, तर दोघांना लगेच वेगळं करावं. जेवणाची भांडी वेगळी हवीत. राणीलाही विसावा हवाच. मावशीने आता स्वयंपाकघराच्या दारात पाट आडवा लावलाय.

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला 2017च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे. पिल्लू घेताना आधी वय विचारा. उत्तर नीट मिळालं नाही, तर घेऊ नका. सगळ्यांच्या घरी राणी नसते.